खोक्यावरचं नाव

ईमेल चारच ओळींची होती आणि तक्रारीचा सूर तिच्यात नव्हता. आधी आभार होते: मी बांधून पाठवलेलं पॅकेज नीट बसलं, छोटा संगणक-बोर्ड नव्या कर्नलवर, म्हणजे लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, सुरू झाला, पहिल्यापेक्षा लवकर झाला. मग तिसऱ्या ओळीत, दाराशी निरोप घेता घेता आठवावं तसं, 'फक्त एक विचारायचं होतं'. सोबतच्या हेडरच्या पॅकेजवर स्वतःचं एक मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, बांधायला घेतलं तर पहिल्याच पावलाला गाडी अडते, माझंच काही चुकतंय का? खाली टर्मिनलमधून उचललेली एकच ओळ. फिक्सडेप नावाच्या एका इवल्याशा प्रोग्रामचा लांबलचक पत्ता, आणि पत्त्याच्या शेवटी 'एक्झेक फॉरमॅट एरर'.

ती ओळ वाचताना माझे कान गरम झाले. या कामात चुका हजार प्रकारच्या होतात आणि बहुतेकींचा अर्थ लावण्यात अख्खी संध्याकाळ जाते, पण या चुकीचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो: फाईल जागेवर आहे, चालवायची परवानगीही आहे, फक्त ती दुसऱ्याच प्रोसेसरची बोली बोलते. पॅकेजच्या नावात शेवटी ठसठशीत 'आर्म६४' होतं, त्यांच्या बोर्डाच्या प्रोसेसरचं घराणं. आत आर्म६४ चा कर्नल होता, आर्म६४ ची मॉड्यूल्स होती, आणि हेडरच्या एका कोपऱ्यात माझ्या टेबलाखालच्या, एक्स८६ या दुसऱ्याच घराण्यातल्या यंत्राचे काही प्रोग्राम गुपचूप बसून होते. नाव सोनूबाई. आणि ज्याची काडीची चूक नाही तो माणूस मला विचारत होता, माझंच काही चुकतंय का.

पुढचे दोन दिवस तो प्रश्न माझ्या मागे लागला होता. चुकीपेक्षा प्रश्नच जास्त.

कर्नल बांधताना एकाच वेळी दोन बांधकामं चालू असतात. एक खरं: कर्नल आणि त्याची मॉड्यूल्स, जी दुसऱ्या यंत्रावर राहायला जाणार. दुसरं म्हणजे त्या कामाला लागणारी परांची. फिक्सडेप हा परांचीतला एक बांबू. कुठली फाईल कॉन्फिगच्या, म्हणजे कर्नलमध्ये काय घ्यायचं त्या यादीच्या, कुठल्या पर्यायावर अवलंबून आहे याचा हिशेब तो ठेवतो, म्हणजे एक पर्याय बदलला म्हणून सगळं घर पाडून बांधावं लागत नाही. मोडपोस्ट हा दुसरा. मॉड्यूल कर्नलमधल्या कुणाकुणाला हाका मारतं आणि त्या हाकेला ओ देणारं कुणी आहे का, ते तो बघतो. हे प्रोग्राम बांधकाम चालू असतानाच चालवावे लागतात, म्हणून ते बांधणाऱ्याच्या यंत्रासाठी कंपाइल होतात, म्हणजे त्याच्याच बोलीत उतरवले जातात. घर त्यांचं, परांची आपली. इथवर सगळं सरळ. पण हेडरच्या पॅकेजमध्ये ही परांचीही बांधून पाठवावी लागते, कारण पलीकडच्या माणसाला त्याच घराला अजून एक खोली जोडायची असते. मी पाठवलेले बांबू माझ्या अंगणात उभे राहत होते, त्यांच्या अंगणात नाही. ही खोड जुनी आहे, माहितीतली आहे, आणि नंतरच्या कर्नलांमध्ये जमेल तिथे हे प्रोग्राम पलीकडच्या प्रोसेसरसाठी पुन्हा कंपाइल करून मगच पॅकेजात घालायची सोय झाली. मी कर्नलची ६.६ ही आवृत्ती बांधत होते, तिथे ती नव्हती. मला हे ठाऊक होतं. एवढंच काय, मी तपासलंही होतं, आणि तपासात सगळं ठीक निघालं होतं. लागलं ते हे.

तपासलं कसं, ते सांगायला हवं. माझ्याकडे तळहाताएवढा एक आर्म६४ बोर्ड आहे. कर्नल सुरू होतो की नाही एवढं मी त्यावर बघते. मॉड्यूल बांधून बघायचं काम मात्र त्याच्यावर टाकायचा कंटाळा येतो. मेमरी कार्डावर सगळं गोगलगायीसारखं सरकतं. म्हणून मोठ्या यंत्रातच मी आर्म६४ ची एक खोली थाटली आहे. एका डिरेक्टरीत आर्म६४ ची अख्खी लिनक्स, सीएचरूट करून, म्हणजे तीच डिरेक्टरी अख्खी यंत्रणा समजून, आत शिरायचं, आणि आतले प्रोग्राम चालवायला क्यूएमू. फाब्रिस बेलार्ड यांच्या हातून २००३ मध्ये बाहेर आलेला हा एक दुभाषी: परक्या प्रोसेसरच्या सूचना वाचतो आणि आपल्या प्रोसेसरला कळतील अशा करून देतो. आपल्या कर्नलला एकदा सांगून ठेवायचं की अमुक शिक्क्याची फाईल आली की ती दुभाष्याकडे पाठव. शिक्का म्हणजे फाईलच्या सुरुवातीचे काही बाइट. ईएलएफ, म्हणजे लिनक्सवरच्या प्रोग्रामांचा नेहमीचा साचा; अशा फाईलचे पहिले चार बाइट सगळ्यांचे सारखेच असतात. शून्यापासून मोजत अठराव्या बाइटवर गेलं की तिथे एक आकडा भेटतो. ३ असेल तर इंटेलच्या जुन्या ३८६ चं घराणं, ६२ असेल तर एक्स८६-६४, १८३ असेल तर आर्म६४, २४३ असेल तर रिस्क-फाईव्ह. दोन बाइटांत मावणारा आकडा, आणि त्याच्यावर माझे तीन आठवडे गेले.

कारण असं की आतला कंपायलर दुभाष्यामार्फत बोलतो तेव्हा जीव नकोसा करतो. म्हणून काही महिन्यांपूर्वी मी त्या खोलीत चोरवाटेनं एक्स८६ वर चालणारा पण आर्म६४ साठी बांधणारा क्रॉस-कंपायलर आणून ठेवला, आणि त्याला लागते म्हणून एक्स८६ ची सी लायब्ररीही. वेग आला, मी खूश झाले, विसरून गेले. आता बघा. मी तपासायला आत शिरले, मॉड्यूल बांधायला लावलं, फिक्सडेपची पाळी आली. त्याच्यावर १८३ चा शिक्का नव्हता, ६२ चा होता. म्हणून दुभाष्याला कुणी बोलावलंच नाही. खालच्या खऱ्या प्रोसेसरनं त्याला आपला माणूस म्हणून आत घेतलं, लायब्ररी हाताशी होतीच, काम झालं. मॉड्यूल तयार. ती लायब्ररी तिथे नसती तर फिक्सडेप लंगडला असता, माझ्या लक्षात आलं असतं. मी परक्या यंत्राचं सोंग उभं केलं होतं, पण पडद्यामागे माझंच यंत्र बसलेलं होतं आणि त्यानं आपली माणसं बरोबर ओळखली.

सोंग माझं आणि फसलेही मीच.

पहिला कर्नल बांधला तेव्हा 'कुणासाठी' हा प्रश्नच नव्हता. यंत्र एक होतं. त्याच्यावरच बांधायचं, त्याच्यावरच चालवायचं. निळ्या पडद्यावर राखाडी चौकट उघडायची आणि त्यातून पर्यायांच्या गुहेत उतरत जायचं. मी हावरटपणे सगळ्याला 'हो' म्हणत गेले. जे हार्डवेअर जन्मात पाहणार नव्हते त्याचे ड्रायव्हरही घेतले, उगाच कमी पडायला नको. मग रात्रभर पडद्यावरून ओळी सरकत राहिल्या: डाव्या कडेला 'सीसी' ही दोन अक्षरं आणि पुढे फाईलचं नाव, सीसी, सीसी, सीसी, मध्येच एखादं 'एलडी'. पंख्याचा आवाज एका सुरात लागलेला. झोपेतून मध्येच उठून बघावं तर अजून आवाजाच्या ड्रायव्हरांतच. सकाळी जी फाईल मिळाली तिचं नाव बीझेडइमेज. त्यातलं बीझेड म्हणजे बीझिप२ ची दाबणूक असं मी पुढे बरीच वर्षं छातीठोकपणे लोकांना सांगत आले. ते 'बिग झेडइमेज' आहे. थोरली, एवढाच अर्थ. तो कर्नल सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या ओळीत कंसात माझं लॉगिनचं नाव आणि माझ्या यंत्राचं नाव छापून आलं, आणि पुढे खुणेसकट एक आकडा, १. कर्नल जोडून पूर्ण झाला की हा आकडा एकानं वाढतो. डेबियन या लिनक्स वितरणाचं पॅकेज बांधलं तर आवृत्तीच्या शेपटाला तोच लागतो. तेव्हा मला वाटलं होतं, ही ओळ फक्त मलाच दिसणार. आणि त्या यंत्रापुरतं ते खरंच होतं.

दुसऱ्या यंत्रासाठी बांधायचं म्हणजे दोन शब्द जास्त सांगायचे. एक आर्च, म्हणजे कुठल्या घराण्यासाठी; आणि एक क्रॉस-कंपाइल, म्हणजे कुठल्या कंपायलरनं. त्या दुसऱ्याच्या शेवटी एक आडवी रेघ द्यावी लागते. 'एआर्क६४-लिनक्स-ग्नू-', असं अर्ध्यावर हात थांबल्यासारखं. पुढे जीसीसी, एलडी, ऑब्जकॉपी, जे हत्यार लागेल त्याचं नाव यंत्र स्वतः चिकटवतं, आणि ते अगदी डोळे मिटून चिकटवतं. रेघ राहिली की ते 'ग्नूजीसीसी' नावाचा कंपायलर शोधत फिरतं आणि सापडला नाही म्हणून निरागसपणे कळवतं. ही चूक मी इतक्यांदा केली आहे की आता मला तिचा लळा लागलाय. निदान लगेच बोंब तरी मारते. आर्च सांगायचं राहिलं तर मात्र कुणी काही बोलत नाही. यंत्र समजतं, बाई स्वतःसाठीच बांधतायत. आर्म६४ ची कॉन्फिग फाईल उघडतं, त्यातलं आपल्याकडे नसलेलं सगळं शांतपणे वगळतं, राहिलेल्या जागी एक्स८६ ची नेहमीची उत्तरं भरतं आणि वर सुरुवातीच्या ओळींत आपलं नाव लिहितं. नुसतं 'मेक', म्हणजे 'बांध', म्हटलं तर निदान प्रश्न तरी विचारतं. पण 'ओल्डडेफकॉन्फिग' म्हणायची सवय असली, म्हणजे जे नवीन असेल त्याला नेहमीचं उत्तर दे आणि मला छळू नको, तर प्रश्नही नाहीत. नेहमीचं म्हणजे कुणाचं नेहमीचं, हे कुणी विचारत नाही.

नावांचाच मुळात घोळ. कर्नलच्या झाडात, म्हणजे त्याच्या मूळ कोडच्या पसाऱ्यात, डिरेक्टरीचं नाव आर्म६४. तोच कर्नल चालू झाल्यावर त्याला विचारा तू कोण, तर म्हणतो एआर्क६४. हा कोड २०१२ मध्ये आला तो एआर्क६४ नावानंच. चर्चा झाली आणि ३.७ मध्ये तो आर्म६४ म्हणून विराजमान झाला. माझ्या टेबलाखालचं यंत्र कर्नलच्या झाडात एक्स८६, चालू झाल्यावर एक्स८६-६४, आणि डेबियनच्या पॅकेजवर एएमडी६४, मग आतला प्रोसेसर इंटेलचा का असेना; हा ६४-बिटी संच एएमडीनं आणला आणि २००३ च्या ऑप्टेरॉनपासून बाजारात आला, म्हणून. माहेरचं नाव, सासरचं नाव आणि पाळण्यातलं नाव, तिन्ही लक्षात ठेवायची आणि कुठल्या दारात कुठलं सांगायचं तेही. सगळ्यात लाडकं नाव मात्र पीपीसी६४ईएल. पॉवरपीसीची ही लिटिल-एंडियन तऱ्हा, म्हणजे लहान बाइट आधी ठेवणारी. शेवटी 'एलई' हवं होतं. पण लहान आधी म्हणताय ना, मग अक्षरंही उलटी, 'ईएल'. मिप्स घराण्यातल्या मिप्सेलमध्येही तीच गंमत. एवढ्या रुक्ष कामात कुणाला तरी हे सुचलं आणि कुणीच खोडलं नाही, याचं मला दर वेळी बरं वाटतं.

लहान आधी की मोठा आधी हे भांडण मला मराठीमुळे कधी अवघड वाटलं नाही. २५ लिहिताना आपण आधी दोन लिहितो, म्हणताना आधी पाच म्हणतो: पंच-वीस. हात बिग-एंडियन, जीभ लिटिल-एंडियन. आणि १२५ म्हटलं की एकशे पंचवीस: आधी शतं, मग एकं, मग दहं. हे वाचून कुणी नाक मुरडू नये. पीडीपी-११ या जुन्या संगणकावर ३२-बिटी आकडे असेच ठेवत, मोठा तुकडा आधी आणि प्रत्येक तुकड्याच्या आत लहान बाइट आधी. एकोणतीस, म्हणजे एक उणे तीस, अशा पद्धतीनं आकडा ठेवायची हिंमत मात्र मला माहीत असलेल्या एकाही प्रोसेसरनं केलेली नाही. एस३९०एक्स हे मेनफ्रेमचं घराणं मोठा बाइट आधी ठेवतं. मी त्याच्यासाठीही कर्नल बांधला आहे, क्यूएमूत सुरू करून पाहिला आहे, पॅकेज पुढे पाठवलं आहे. मेनफ्रेम मी कधी पाहिलेला नाही. त्याचा आवाज कसा येतो, समोर उभं राहिलं की अंगावर गरम वारा येतो की गार, काही माहीत नाही. ज्या घराचं दार कुठल्या दिशेला आहे तेही ठाऊक नाही त्याची कुलपं करून द्यावीत, तसं ते.

आपल्या यंत्राच्या सवयी आपल्याला सवयी वाटत नाहीत, त्या 'असंच असतं' वाटतात. सी भाषेत एक साधा 'चार' असतो, एका बाइटाचा. त्यात उणे आकडे मावतात की नाही हे भाषेनं ठरवलेलंच नाही. एक्स८६ वर मावतात, आर्म, पॉवरपीसी आणि एस३९० वर मावत नाहीत. एक्स८६ समोर बसलेला माणूस त्यात सहज उणे एक ठेवतो, पुढे तो शून्यापेक्षा लहान आहे का बघतो, आणि त्याच्या टेबलावर सगळं बिनचूक चालतं. आर्मवर तोच बाइट २५५ होऊन बसतो आणि ती अट जन्मात खरी होत नाही. कर्नलनं २०२३ मध्ये, ६.२ पासून, हा वाद मिटवला: सगळीकडे 'चार' बिनचिन्हाचा. म्हणजे या एका बाबतीत एक्स८६ वाल्यांनी आपली सवय मोडायची. मला हे वाचून थोडा आनंद झाला आणि मग आठवलं की मीही एक्स८६ समोरच बसते.

तसा हा सगळा संसारच एका यंत्रापुरता मांडलेला होता. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी आपल्या छंदाची, म्हणजे लिनक्सची, पहिली बातमी दिली तेव्हाच सांगून टाकलं होतं की हे दुसऱ्या यंत्रावर नेण्यासारखं नाही, ३८६ च्या खास युक्त्या वापरल्या आहेत. चार वर्षंही झाली नाहीत तोच, १९९५ च्या मार्चमध्ये, १.२ ही आवृत्ती अल्फा, स्पार्क आणि मिप्स या घराण्यांची सोय घेऊन आली. आणि ज्या ३८६ साठी हे सुरू झालं त्याचाच आधार २०१३ मध्ये ३.८ मधून काढला गेला. मूळ मालक गेला, भाडेकरू राहिले. २०१८ हे वर्ष तर येण्याजाण्याचंच: जानेवारीत ४.१५ मध्ये रिस्क-फाईव्ह आत आला, आणि उन्हाळ्यात ४.१७ मध्ये आठ घराणी एका फटक्यात बाहेर. ब्लॅकफिन, क्रिस, स्कोर, टाइल… त्यांतली काही नावं मी त्या दिवशीच पहिल्यांदा वाचली. इटॅनियम २०२४ च्या जानेवारीत ६.७ मधून गेला. एके काळी उद्याचं यंत्र म्हणून गाजलेला. मी ६.६ च्या झाडात उभी होते, म्हणजे माझ्या झाडात तो अजून होता. त्याच्यासाठी कुणी माझ्याकडे पॅकेज मागणार नव्हतं. तरी ती डिरेक्टरी उघडून मी मधूनमधून दोन-चार फाईली वाचते. त्यांतल्या टिपा लिहिणाऱ्याला आपण कशासाठी तरी घाई करतोय असं वाटत होतं, ते वाचताना कळतं.

असो. चूक सापडली होती, आता नीट पॅकेज बांधून पाठवायचं. त्यांच्याकडे गेलेल्या पॅकेजच्या शेपटाला ३ होता. मी त्याच रात्री, तोंड धुऊन झटकन करून टाकावं तशा आवेशात, नवं टर्मिनल उघडलं. नवं टर्मिनल म्हणजे आर्च सांगितलेलं नाही, हे पॅकेज तयार होऊन त्याच्या नावात 'एएमडी६४' वाचेपर्यंत लक्षात आलं नाही. तो ४. मग आर्च सांगितलं, पुन्हा ओल्डडेफकॉन्फिग, पुन्हा बांधलं, नाव बरोबर आलं, बोर्डावर चढवलं. बोर्डाचं बोलणं दाखवणाऱ्या सिरियल केबलवर, कर्नलला उठवणाऱ्या बूटलोडरनं 'कर्नल सुरू करतो' म्हटलं आणि त्यानंतर एक अक्षरही नाही. कर्सर लुकलुकत राहिला. मी केबल हलवली, काढून घातली, वेग बदलून बघितला. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखी त्या कर्सरकडे बघत राहिले. आदल्या फेरीत कॉन्फिगमधून माझ्या बोर्डाचं अख्खं कुटुंब गळून गेलं होतं, सिरियलच्या ड्रायव्हरसकट. बोर्ड कदाचित धावतही असेल आत, पण त्याला तोंडच नव्हतं. तो ५.

जुन्या कॉन्फिगची प्रत होती, म्हणून ६ नीट बांधला गेला. पण मोठ्या यंत्रावरच. परांचीतले ते प्रोग्राम पुन्हा एक्स८६ चेच असणार हे माहीत होतं. ते मी बोर्डावर वेगळे कंपाइल करून पॅकेज उघडून हातानं बदलले. बोर्डावर मॉड्यूल बांधून पाहिलं, झालं. पाठवायला घेतलं आणि एकदा कान पोळलेले होते म्हणून बदललेल्या डिरेक्टरीवरून सहज, कुठली फाईल कुठल्या घराण्याची ते सांगणारी 'फाईल' कमांड फिरवली. एआर्क६४, एआर्क६४, एआर्क६४, एक्स८६-६४. जेनकसिम्स, परांचीतला आणखी एक बांबू, राहून गेला होता. माझ्या चाचणीच्या मॉड्यूलला तो लागतच नव्हता, म्हणून चाचणी पुन्हा एकदा पास झाली होती. त्या क्षणी मला स्वतःचा राग आला नाही, चाचणीचा आला. ती मला आवडेल तेच बोलत होती.

मग ठरवलं, बोर्डावरच बांधायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अख्खं झाड त्याच्या कार्डावर उचलून नेलं, 'मेक क्लीन' केलं, मेक म्हटलं. आणि पहिल्याच पावलाला, माझ्या स्वतःच्या पडद्यावर, फिक्सडेपचा लांबलचक पत्ता आणि 'एक्झेक फॉरमॅट एरर'.

मेक क्लीन परांचीला हात लावत नाही. बाहेरची मॉड्यूल्स बांधता यावीत म्हणून ती मुद्दाम राखून ठेवतं. त्यामुळे मोठ्या यंत्राचा फिक्सडेप झाडाबरोबर आला होता, तारीख ताजी होती, त्याला पुन्हा बांधायचं मेकला काही कारण दिसलं नाही. ती ओळ ईमेलमध्ये वाचणं वेगळं आणि आपल्या हाताखाली उमटणं वेगळं. मी काही क्षण खरंच विचार केला की माझंच काही चुकतंय का, आणि मग आठवलं की हे वाक्य कुणाचं.

झाडावरून फाईल कमांड फिरवत एक्स८६ म्हणणारी एकेक फाईल हातानं पुसली. सगळं झटकून टाकणारं 'मेक एमआरप्रॉपर' होतं, पण ते कॉन्फिगही नेतं आणि तो वाढत जाणारा आकडाही. आकड्याची मला काही गरज नव्हती. तरी तो पुसावासा वाटला नाही. मग बोर्ड दोन रात्री आणि मधला एक दिवस चालला. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. फक्त एक हिरवा दिवा आणि बोट ठेवलं तर चटकन काढावं लागेल इतकी तापलेली चिप. सीसी, सीसी, सीसी, पण दोन ओळींमध्ये आता फाईलचं नाव सावकाश वाचून होत होतं. पहिल्या कर्नलनंतर इतक्या वर्षांनी मी पुन्हा फाईलींची नावं वाचत बसले होते. घाई केली तरी उपयोग नव्हता, म्हणून घाईच गेली.

दुसऱ्या पहाटे पॅकेज तयार झालं. सुरू झाल्यावर पहिल्या ओळीत माझं नाव तेच होतं, पुढे यंत्राचं नाव मात्र त्या बोर्डाचं. त्याला मी कधी नीट नावही दिलं नव्हतं, खोक्यातून निघताना होतं तेच. फाईल कमांड तीनदा फिरवली. पाठवलं. सोबत झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली, थोडक्यात. तुमची चूक नव्हती, माझी होती, एवढंच.

चार दिवसांनी उत्तर आलं. मॉड्यूल बांधलं गेलं, लोड झालं, सेन्सर आकडे देऊ लागला, त्याची चार ओळींची चिठ्ठीही जोडली होती. आभार. आणि शेवटी पुन्हा तसंच, दाराशी निरोप घेता घेता: माझ्याकडे आधीचं ३ होतं आणि हे एकदम ७ आलं, मधले ४, ५ आणि ६ घ्यायचे माझ्याकडून राहून गेले का?